दिवाळीला घरी जाताना बेळगावात मुक्काम, आणि आम्हा तिघींचे पासपोर्ट

आमच्या खानापूर-नंदगड-हल्याळ पट्ट्यात पासपोर्ट म्हटलं की घरातलं मोठं माणूस आधी विचारतं, "एजंट कोण हाय काय ओळखीचा?" मलाही तेच ऐकायला मिळालं. घरात याआधी कुणी पासपोर्ट काढलेला नव्हता. वेबसाइट इंग्रजी, कचेरीत कन्नड, पुढं पोलीस चौकशी, आणि आपली शाळा मराठी माध्यमाची. या सगळ्याची मला खरोखर भीती वाटत होती. आता पासपोर्ट हातात आहे आणि एजंट लागला नाही. आमच्या भागातल्या ज्या मुली-मुलांनी अजून सुरुवात केलेली नाही, त्यांच्यासाठी सगळं क्रमानं लिहून ठेवते आहे.

आम्ही तिघी मिरजेत नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहोत. मी नंदगडची, लक्ष्मी खानापूरची, आरती हल्याळची. तिघींचा घरचा रस्ता बेळगावावरूनच जातो, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत वाटेत बेळगावात उतरून हे काम करायचं ठरलं. आरती कन्नड माध्यमात शिकलेली आहे. लक्ष्मी आणि मी मराठी माध्यमातल्या. दहावीपर्यंत कन्नड विषय होता, अक्षरं वाचता येतात, पण साहेबांपुढं बोलायची वेळ आली की जीभ अडते.

सुरुवात ऑगस्टमध्ये झाली. सरकारी संकेतस्थळ एकच, पासपोर्टइंडिया डॉट जीओव्ही डॉट इन. तसंच दिसणारी, जास्त पैसे मागणारी खोटी संकेतस्थळं पुष्कळ आहेत, त्यामुळं शेवटी जीओव्ही डॉट इन आहे ना हे बघूनच पुढं जा. तिथं खातं उघडून फॉर्म भरायचा. तो घाईनं भरण्यासारखा नाही. आम्ही हॉस्टेलवर रात्री तिघींचे कागद पलंगावर मांडून बसलो, आणि खरी अडचण तिथंच समोर आली.

कर्नाटकच्या एसएसएलसी, म्हणजे दहावीच्या, मार्क्स कार्डावर माझ्या नावापुढं वडिलांच्या नावाचं फक्त पहिलं अक्षर आहे आणि मग आडनाव. आधारवर वडिलांचं नाव पूर्ण आहे. पासपोर्टच्या फॉर्ममध्ये आद्याक्षरं चालत नाहीत, नाव पूर्ण उलगडून लिहावं लागतं. मार्क्स कार्डावर वडिलांचं नाव वेगळ्या रकान्यात पूर्ण छापलेलं असतं, त्यामुळं ते अक्षर कशाचं हे तिथंच कळतं. मी आधारप्रमाणे पूर्ण नाव घातलं आणि ते चाललं. लक्ष्मीचं प्रकरण जरा वेगळं होतं. तिच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग आधारवर एक्स घालून होतं, तर मार्क्स कार्डावर केएसएच घालून. कन्नड शाळांतून आणि मराठी घरांतून तीच नावं वेगवेगळी लिहिली जातात, आणि सीमाभागातल्या कितीतरी जणांच्या कागदांत हा फरक असतो. तिनं आधार केंद्रावर जाऊन आधार मार्क्स कार्डाशी जुळवून घेतलं. तेव्हा फी 50 रुपये होती, 1 ऑक्टोबर 2025 पासून ती 75 झाली आहे. दुरुस्ती होऊन यायला वेळ जातो. म्हणून फॉर्म उघडायच्या आधी आधार आणि मार्क्स कार्ड शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून बघा. माझ्या मते सगळ्या कामातला हाच सगळ्यात महत्त्वाचा अर्धा तास.

दुसरा प्रश्न पत्त्याचा. शिकणाऱ्यांना दोन वाटा असतात: कॉलेजच्या गावाचा पत्ता देऊन कॉलेजचं बोनाफाईड जोडायचं, नाहीतर आईवडिलांच्या घरचा पत्ता द्यायचा. हॉस्टेल आम्ही लवकरच सोडणार, म्हणून घरचा पत्ता दिला. पोलीस चौकशी त्याच पत्त्यावर होते आणि पासपोर्टही स्पीड पोस्टनं तिथंच येतो, हे ध्यानात ठेवून ठरवा. गावातल्या ओळखीच्या दोघांची नावं आणि फोन नंबरही फॉर्ममध्ये लागतात. त्यांना आधी सांगून ठेवा. मी शेजारच्या काकांना आणि आमच्या शाळेतल्या एका सरांना विचारलं होतं.

जन्मतारखेबद्दल घरी फार घोळ चालला होता. आई म्हणत होती, जन्मदाखला नवीन काढून आणूया. पण जन्मदाखलाच पाहिजे ही सक्ती 1 ऑक्टोबर 2023 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी आहे. आमच्यासारख्यांना दहावीचं मार्क्स कार्डही चालतं. त्याच मार्क्स कार्डाचा आणखी एक उपयोग आहे. दहावी पास असल्याचा तो पुरावा असतो, त्यामुळं पासपोर्टावर ईसीआरचा, म्हणजे ठरावीक देशांत नोकरीला जाताना सरकारची वेगळी परवानगी लागेल असा शिक्का बसत नाही. नर्सिंगच्या मुलींनी मात्र एक लक्षात ठेवावं. आखातासह 18 देशांत नर्स म्हणून जायचं तर 2015 पासून भरती सरकारच्या ईमायग्रेट यंत्रणेतूनच व्हावी लागते, पासपोर्टावर तो शिक्का नसला तरी.

फी 1500 रुपये, 36 पानांचा साधा पासपोर्ट, दहा वर्षांसाठी. तत्काळला वरती आणखी 2000 लागतात. आम्हाला घाई नव्हती आणि तेवढे पैसेही नव्हते. फी ऑनलाइन भरली की मग तारीख आणि वेळ निवडता येते. आमच्याकडची कामं बेंगळूरच्या पासपोर्ट कार्यालयाखाली येतात, पण त्यासाठी बेंगळूरला जावं लागत नाही. हुबळीला पासपोर्ट सेवा केंद्र आहे आणि बेळगावात पोस्टातलं केंद्र आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही तिघी एकाच वेळी फोन घेऊन बसलो, आणि शुक्रवार 17 ऑक्टोबरच्या सकाळच्या वेळा मिळाल्या. वेळा पुढंमागं होत्या, पण दिवस एकच मिळाला याचा मला जो आनंद झाला तो परीक्षेच्या निकालालाही झाला नव्हता. एकटीनं जायचं नाही, एवढंच डोक्यात होतं.

16 तारखेला दुपारी मिरजेहून राणी चन्नम्मा एक्सप्रेस धरली. जनरलचं तिकीट शंभराच्या आत. सुट्टीची गर्दी असल्यानं उभ्यानंच गेलो, कृष्णेचा पूल दारातून बघितला. घटप्रभेला जागा मिळाली. कागदांची फाईल आरतीच्या मांडीवर होती आणि ती दर दोन स्टेशनांनी उघडून बघत होती. बेळगावला उतरलो तेव्हा दिवे लागले होते.

मुक्काम लक्ष्मीच्या मावशीकडं, वडगावात. आसपास मागवाल्यांची घरं आहेत, त्या गल्लीत रात्रीपर्यंत यंत्रमागाचा आवाज चालू असतो. मावशींनी गेल्या गेल्या ताटं मांडली. त्यांच्या सासूबाई शहापूरच्या माहेरवाशीण. शहापूर पूर्वी सांगली संस्थानात होतं. आम्ही मिरजेहून आलो म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "म्हंजे आमच्याच संस्थानाकडनं आलाय की गे पोरीनो!" नातेवाईक नसतील तर स्टेशन आणि बसस्थानकाच्या आसपास लॉज भरपूर आहेत, पण दिवाळीच्या आधी फोन करून ठेवा आणि मूळ ओळखपत्र जवळ ठेवा.

त्या रात्री आरतीनं आमची तयारी करून घेतली. कन्नडमध्ये काय विचारतील, काय सांगायचं, सगळं. "याक बेक्रि पासपोर्ट?", म्हणजे पासपोर्ट कशाला पाहिजे, असं ती विचारायची आणि आम्ही उत्तर द्यायचं. झोप कुणालाच नीट लागली नाही. लक्ष्मी अंधारात एकदा म्हणाली, "आधारचं नवीन प्रिंट घेतलंय न्हवं?" मी उठून बॅटरीच्या उजेडात बघून आले. घेतलं होतं.

सकाळी वेळेच्या बऱ्याच आधी आम्ही मोठ्या पोस्टात पोचलो. पंधरा-वीस मिनिटं आधी पोचलं तरी पुरतं, पण आम्हाला तिथं नुसतं बसणंसुद्धा घरी थांबण्यापेक्षा बरं वाटलं. आत फक्त ज्यांची वेळ ठरलेली आहे त्यांनाच सोडतात, त्यामुळं सोबत आलेल्या माणसानं बाहेर थांबायची तयारी ठेवावी. आमच्या तिघींच्याही वेळा होत्या म्हणून तिघी आत गेलो, हा एकाच दिवसाची वेळ घेण्याचा फायदा.

आत काय होतं ते सांगते, कारण मला हेच कुणी सांगितलं नव्हतं. आधी अर्जाची पावती आणि मूळ कागद बघतात. आधार, मार्क्स कार्ड, दोन्हीच्या सही केलेल्या झेरॉक्स. मग फोटो काढतात आणि बोटांचे ठसे घेतात. फोटो तिथंच काढत असल्यामुळं घरून न्यावा लागत नाही. मागचा पडदा पांढरा असतो, म्हणून पांढरे किंवा फार फिके कपडे घालू नका. बोटांना मेंदी किंवा जखम असेल तर ठसे नीट येत नाहीत. दिवाळीच्या तोंडावर जाणाऱ्या मुलींनी मेंदी नंतर काढावी. मग एकेक रकाना संगणकावर दाखवतात: नाव, आडनाव, आईवडिलांची नावं, जन्मस्थळ, पत्ता. इथं हो-हो म्हणत मान डोलवू नका, बोट ठेवून वाचा. आमच्या जुन्या कागदांवर जिल्ह्याचं नाव बेळगाव आहे आणि नव्यांवर बेळगावी, कारण 1 नोव्हेंबर 2014 ला ते अधिकृतपणे बदललं. मला त्यावरून काही अडवलं गेलं नाही, फक्त एकदा विचारलं आणि मी सांगितलं.

माझ्या खिडकीवरच्या बाईंनी प्रश्न कन्नडमध्येच विचारला. मी रात्री पाठ केलेलं वाक्य म्हणायला सुरुवात केली, मध्येच अडले, आणि त्या हसून हिंदीत बोलायला लागल्या. माझे खांदे तेव्हा खाली आले. लक्ष्मीनं मात्र पूर्ण कन्नडमध्ये उत्तरं दिली आणि बाहेर येऊन आरतीच्या गळ्यात पडली. सगळ्या कामाला वाट बघण्यासकट सकाळ गेली. बाहेर पडताना जी पावती मिळते तिच्यावर फाईल नंबर असतो, तिचा लगेच फोटो काढून ठेवा, पुढची सगळी चौकशी त्याच नंबरावर होते.

दुपारपासून शहर आमचं होतं. काम आधी आणि फिरणं नंतर, हा क्रम बदलू नका. सकाळी फिरायला गेलो असतो तर मला काहीच दिसलं नसतं.

पोटात काही नव्हतं, म्हणून आधी पुरी-भाजी आणि चहा. मग किल्ल्यात गेलो. मध्यवर्ती बसस्थानकाला लागूनच किल्ला तलाव आहे, तिथून चालत जाता येतं. बेळगावावरून मी लहानपणापासून ये-जा करते, पण किल्ल्याच्या दरवाज्यातून आत कधी गेलेच नव्हते. आपल्याकडे बेळगाव म्हणजे बाजार, दवाखाना आणि बस बदलायची जागा. कमल बस्ती बघून मला त्याचं वाईट वाटलं. 1204 मधलं जैन मंदिर, रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज यानं बांधलेलं. आत नेमिनाथांची मूर्ती आहे. मंडपात शिरून मान वर केली की छतातून खाली उमललेलं दगडी कमळ दिसतं. आरती खाली फरशीवर बसूनच राहिली. आम्ही बोलत होतो ते आपोआप थांबलं. सकाळपासून मनावर जे दडपण होतं ते माझ्यासाठी तिथं संपलं, पावती मिळाली तेव्हा नाही. शेजारी दुसरी एक पडकी बस्ती आहे, तिचे खांबही बघण्यासारखे आहेत. चपला बाहेर काढाव्या लागतात आणि दुपारी दगड तापतो, तेव्हा मोजे असू द्या.

किल्ल्यातच रामकृष्ण मिशनचा आश्रम आहे. स्वामी विवेकानंद ऑक्टोबर 1892 मध्ये कोल्हापूरहून बेळगावात आले, आधी रिसालदार गल्लीत भाटे वकिलांकडं राहिले आणि मग वनखात्यातले हरिपद मित्र यांच्या किल्ल्यातल्या घरी. इथून ते पुढं गोव्याला गेले. अमेरिकेला जायच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. परदेशाचा विचार मनात घेऊन निघालेल्या आम्हा तिघींना ती तिथं वाचताना फार जवळची वाटली. आश्रमात बसायला सावली आहे, शांतता आहे, कुणी उठवत नाही.

संध्याकाळी गणपत गल्ली आणि खडे बाजार. त्या दिवशी वसुबारस होती. पणत्या, आकाशकंदील, रांगोळीचे रंग, आणि किल्ल्यांवर मांडायची मातीची चित्रं: मावळे, तोफा, सिंहासनावरचे शिवाजी महाराज. बेळगावात दिवाळीला गल्लोगल्ली पोरं किल्ले करतात, मोठी माणसंसुद्धा रात्री जागून माती कालवतात. माझ्या धाकट्या भावासाठी मावळे घेतले. मिलिटरी महादेव बघायचा राहिला, कपिलेश्वराला जाता जाता हात जोडले. एका दुपारी सगळं होत नाही आणि करायचंही कारण नाही. किल्ला आणि बाजार एवढंच धरलं तर पाय दुखत नाहीत.

शनिवारी सकाळी कुंदा घेतला. निघायच्या दिवशीच घ्यावा, आदल्या दिवशी घेतला तर मुक्कामाच्या घरीच संपतो असं मावशी म्हणाल्या, आणि त्यांच्याकडची दोन लहान मुलं बघता ते खरं असणार. मग बसस्थानक. मिरजेहून येताना तिकीट काढावं लागलं, पण इथून पुढं कर्नाटकच्या साध्या बसला आम्हा बायकांना तिकीट नाही. जून 2023 पासून शक्ती योजना आहे. कर्नाटकचा पत्ता असलेलं आधार दाखवायचं, कंडक्टर झिरो तिकीट देतो. महाराष्ट्रात जाणाऱ्या-येणाऱ्या बसला आणि वातानुकूलित गाड्यांना ते चालत नाही. लक्ष्मी खानापूरला उतरली, मी नंदगडला, आरती पुढं हल्याळला गेली. फाईल तेव्हा पहिल्यांदा तीन पिशव्यांत विभागली.

पोलीस चौकशीची भीती मला सगळ्यात जास्त होती, कारण ती एकटीनं पार पाडायची होती. दिवाळी झाल्यावर फोन आला, कागद घेऊन या म्हणून. मी वडिलांबरोबर गेले. आधार, मार्क्स कार्ड, रेशन कार्ड, दोन फोटो आणि पासपोर्टच्या पावतीची प्रत नेली. ओळख सांगायला शेजारचे काका आले होते. जबाब कन्नडमध्ये लिहिला गेला. सही करायच्या आधी मी म्हटलं, एकदा वाचून दाखवता का, आणि त्यांनी सावकाश वाचून दाखवला. न समजलेल्या दोन शब्दांसाठी तिथूनच आरतीला फोन लावला. हे विचारायला लाजू नका, आपण सही करतो तो कागद समजून घ्यायचा आपल्याला हक्क आहे. या चौकशीची वेगळी फी नसते, 1500 मध्येच सगळं येतं. चौकशीच्या दिवसांत तुम्ही त्या पत्त्यावर असणं महत्त्वाचं, म्हणून सुट्टीच्या तोंडावरची तारीख घेतली ते बरं झालं.

त्यानंतर रोज फाईल नंबर घालून बघणं. कॉलेज सुरू झालं, मी मिरजेला परत आले आणि पासपोर्ट निघाल्याचा मेसेज वॉर्डात ड्युटीवर असताना आला. पाकीट ज्याचं त्यालाच ओळखपत्र बघून देतात, म्हणून मी आधीच पोस्टमन दादांशी बोलून ठेवलं आणि शनिवारी गावी गेले. पोस्टात सही करून पाकीट घेतलं. पहिल्यांदा नाव बघितलं, मग वडिलांचं, मग आईचं, मग जन्मतारीख. आईनं तिचं नाव शेवटच्या पानावर इंग्रजीत छापलेलं बघितलं आणि मला परत एकदा वाचून दाखवायला लावलं.

लक्ष्मीचा त्याच आठवड्यात आला. आरतीचा यायला नोव्हेंबरअखेर झाली, कारण तिची चौकशी आमच्यानंतर झाली. आता तिघींचं जर्मन भाषेच्या पहिल्या परीक्षेचं चाललंय, त्या फॉर्मवर पासपोर्टवरचंच स्पेलिंग लिहायचं आहे, आणि लक्ष्मी ते पहिल्यांदाच न विचारता लिहिते आहे.